कोशातल्या नोंदीचा संदर्भ: पत्ता पूर्ण लिहा

'संदर्भग्रंथ' या मराठी शब्दाने एक घोळ करून ठेवला आहे. प्रबंधाच्या शेवटी आपण वापरलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी देतो, तिला 'संदर्भग्रंथसूची' म्हणतो. आणि ग्रंथालयातल्या ज्या कपाटातली जाडजूड पुस्तकं घरी नेता येत नाहीत, त्या शब्दकोश, ज्ञानकोश, चरित्रकोश, गॅझेटिअरांनाही 'संदर्भग्रंथ'च म्हणतो. त्यामुळे होतं काय, की दुसऱ्या प्रकारचे ग्रंथ पहिल्या यादीत जसे जमतील तसे कोंबले जातात. कादंबरी किंवा समीक्षाग्रंथ नोंदवताना लेखक, आवृत्ती, प्रकाशक, साल सगळं नीट असतं. आणि त्याच यादीच्या शेपटाला 'मराठी विश्वकोश, वाई' किंवा 'मोल्सवर्थचा शब्दकोश' एवढंच लिहिलेलं आढळतं.

विश्वकोशाचे वीस खंड आहेत. 'मराठी विश्वकोश, वाई' हा संदर्भ म्हणजे पाकिटावर 'सदाशिव पेठ, पुणे' लिहून पोस्टात टाकण्यासारखा आहे. घर कुठलं, मजला कुठला, आणि मुख्य म्हणजे पत्र कोणाला?

हा लेख दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथांबद्दल आहे. त्यांना इथे सरसकट कोश म्हणतो. कोशाचा संदर्भ देताना एकक 'नोंद' असतं, ग्रंथ नव्हे, आणि ती नोंद तुम्ही ज्या प्रतीत पाहिली त्याच प्रतीतली. बाकीचे बारकावे यातूनच निघतात.

आधी विचारा: संदर्भ द्यायलाच हवा का?

प्रबंधाचं पहिलं प्रकरण 'शब्दकोशात संस्कृती या शब्दाचा अर्थ असा दिला आहे' या वाक्याने सुरू करायची एक रूढी आपल्याकडे आहे. ती मोडली तर परीक्षक आभारच मानतील. सर्वांना ठाऊक असलेल्या शब्दाचा अर्थ सांगायला कोशाची साक्ष काढायची गरज नसते.

कोशाची साक्ष लागते ती पुढच्या ठिकाणी. एखाद्या शब्दाचा अर्थ कालांतराने बदलला हेच तुम्हाला दाखवायचं असेल. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती वादाची असेल आणि तुम्ही कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६च्या 'मराठी व्युत्पत्तिकोशा'तलं मत स्वीकारत किंवा खोडत असाल. एखादी तारीख, वंशावळ, गावाची माहिती फक्त कोशातूनच मिळाली असेल. किंवा कोशकाराने कसं लिहिलं हाच अभ्यासाचा विषय असेल. उदाहरणार्थ, एकोणिसाव्या शतकातल्या कोशात जातिवाचक शब्दांचे अर्थ कसे दिले आहेत.

माहिती कोशात सापडली, पण कोशाने ती कुठून घेतली हे नोंदीखालीच दिलेलं असेल, तर तो मूळ ग्रंथ उघडून पाहा आणि त्याचाच संदर्भ द्या. कोश हा बहुतेक वेळा दरवाजा असतो. आत गेल्यावर दरवाजाचा संदर्भ कोणी देत नाही.

ग्रंथालयात बसल्या बसल्या काय टिपायचं

कोश घरी नेता येत नाही, ही या कामातली खरी अडचण. सहा महिन्यांनी सूची तयार करताना पृष्ठांक आठवत नाही आणि पुन्हा एका पानासाठी ग्रंथालय गाठावं लागतं. म्हणून नोंद वाचायच्या आधी मोबाइलवर तीन फोटो काढायची सवय लावा, ग्रंथपालांची परवानगी घेऊन: शीर्षकपृष्ठ, त्यामागचं प्रकाशनाच्या तपशिलाचं पान, आणि नोंद असलेलं पान. नोंद दोन-तीन पानं चालली असेल तर शेवटचं पानही, कारण नोंदलेखकाचं नाव तिथे असतं.

मग वहीत किंवा फाइलीत उतरवा: नोंदीचं शीर्षक जसं छापलंय तसं, नोंदलेखक, कोशाचं पूर्ण नाव, खंड किंवा विभागाचा क्रमांक, त्या खंडाचा संपादक, आवृत्ती आणि साल, पुनर्मुद्रण असेल तर त्याचं साल, प्रकाशक आणि ठिकाण, पृष्ठांक.

'त्या खंडाचा संपादक' हे शब्द मुद्दाम लिहिले. मराठी विश्वकोश म्हटलं की हात आपोआप 'संपा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी' असं लिहितो. पण तर्कतीर्थ १९९४मध्ये गेले आणि विसावा खंड एकविसाव्या शतकात आला. मधल्या काळात मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड अशा वेगवेगळ्या अध्यक्षांकडे काम होतं. प्रकाशकाचंही तेच. सुरुवातीचे खंड महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाचे आहेत. १९८०च्या अखेरीस विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झालं आणि नंतरच्या खंडांवर महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाचं नाव आलं. वीस खंडांना एकच संपादक आणि एकच प्रकाशक चिकटवून मोकळं होता येत नाही. खंड उघडा आणि त्यावर जे आहे ते लिहा.

'खंड' की 'विभाग' हाही प्रश्न येतो. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे (१९३२ ते १९३८) सात 'विभाग' आहेत, शिवाय १९५०चा पुरवणी विभाग. तिथे 'खंड' लिहू नका. पुरवणी विभागाचं तर नावच लिहायला हवं. नाहीतर वाचक सातही विभाग चाळून 'असा शब्दच नाही' म्हणून तुमच्यावर शंका घेईल.

गॅझेटिअरमध्ये याच्याही पुढची पायरी आहे. कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड (१८८५) तीन भागांत आहे. 'खंड १८, पृ. २१०' लिहिलं तर वाचकाला तीन वेगवेगळी पानं मिळतील. भाग लिहिलाच पाहिजे. आणि हे गॅझेटिअर वेगळं, स्वातंत्र्यानंतर नव्याने लिहिलेलं १९५४चं पुणे जिल्हा गॅझेटिअर वेगळं. दोन्हींना नुसतं 'पुणे गॅझेटिअर' म्हणणाऱ्या तळटिपा मी इतक्या पाहिल्यात की आता मोजणं सोडलंय.

नोंद कोणाची?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि या चुका निव्वळ तांत्रिक नसतात. एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी घालणं हे गंभीरच आहे.

विश्वकोशातल्या नोंदींखाली लेखकाचं नाव असतं, आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं. ते बारीक असतं, नोंदीच्या अगदी शेवटी, संदर्भांच्या ओळींच्या आसपास. लक्ष न देता वाचलं तर नजरेतून निसटतं आणि मग प्रबंधात 'लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणतात' असं वाक्य उतरतं. शास्त्रीजींनी ती नोंद लिहिलेलीच नसते. एका नोंदीचे भाग वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेले असले, तर ज्या भागातून तुम्ही घेतलं त्या भागाखालचं नाव द्या.

नोंद सहीविना असेल, तर संदर्भ नोंदीच्या शीर्षकाने सुरू होतो, संपादकाच्या नावाने नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' (१९२० ते १९२९, तेवीस विभाग) हे याचं नेहमीचं उदाहरण. 'केतकर म्हणतात' हे वाक्य वापरण्याचा मोह आवरा. केतकर या प्रचंड कामाचे प्रमुख, पण त्यांच्याबरोबर संपादक मंडळ राबत होतं. लेखकाचं नाव नसलेल्या नोंदीसाठी 'ज्ञानकोशातील नोंदीनुसार' हेच प्रामाणिक.

ज्ञानकोशाची आणखी एक गंमत आहे. पहिले पाच विभाग वर्णानुक्रमी नोंदींचे नाहीतच. ते प्रस्तावनाखंड आहेत: 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या' अशी त्यांची स्वतंत्र नावं आहेत आणि आत प्रकरणं आहेत. तिथे नोंद शोधू नका. विभागाचं नाव, प्रकरणाचं नाव आणि पृष्ठांक द्या. वर्णानुक्रम सहाव्या विभागापासून सुरू होतो, आणि सूचीचा एक स्वतंत्र विभाग आहे. शब्द हाती लागत नसेल तर आधी तो उघडावा.

प्रस्तावनांबद्दलही सांभाळा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत मराठी भाषेवर एक दीर्घ टिपण आहे, ते जॉन विल्सन यांचं. त्यातलं मत घेतलंत तर संदर्भ विल्सन यांचा, 'मोल्सवर्थ यांच्या कोशातील टिपण' म्हणून. कोशाच्या आत असलं म्हणून सगळं कोशकाराचं नसतं.

हातातली प्रत कुठली?

माझीच फजिती सांगतो. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सूचीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मोल्सवर्थ, १८३१. पहिली आवृत्ती कुठे बघायला मिळाली तुम्हाला? मला अजून मिळालेली नाही." मला अर्थातच मिळाली नव्हती. मी वापरली होती ती पुण्यात छापलेली अलीकडची प्रत. 'मोल्सवर्थ १८३१चा' हे कुठल्यातरी लेखात वाचलं होतं, जुनं साल भारदस्त दिसतं म्हणून लिहून टाकलं होतं.

मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची. दुसरी, सुधारून वाढवलेली, १८५७ची. त्या कामात जॉर्ज आणि टॉमस कँडी यांचं साहाय्य होतं. आज आपल्या हातात असते ती सहसा या दुसऱ्या आवृत्तीचं पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५मध्ये काढलेलं दुरुस्त पुनर्मुद्रण. आता समजा तुमचा दावा असा आहे की अमुक शब्द या अर्थाने १८३१ साली रूढ होता. पुरावा म्हणून १९७५चं पुनर्मुद्रण दाखवलं तर त्यातून फार तर १८५७पर्यंत जाता येतं. मधली सव्वीस वर्षं हवेत राहतात. म्हणून दोन सालं द्यायची: मजकूर कधीचा आणि प्रत कधीची.

सूचीत असं:

मोल्सवर्थ, जे. टी. (जॉर्ज कँडी व टॉमस कँडी यांच्या साहाय्याने), अ डिक्शनरी, मराठी अँड इंग्लिश, दुसरी आवृत्ती, मुंबई, १८५७. दुरुस्त पुनर्मुद्रण, शुभदा-सारस्वत प्रकाशन, पुणे, १९७५.

(इंग्रजी ग्रंथाचं नाव सूचीत रोमन लिपीत द्यावं हे बरं, इथे देवनागरीत लिहिलंय ते लेखाच्या सोयीसाठी.)

'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे शब्द मराठी प्रकाशक सैलपणे वापरतात. मजकुरात काहीही न बदलता 'तिसरी आवृत्ती' छापलेली असते. आपण कोर्टात बसलेलो नाही; पुस्तकावर 'तिसरी आवृत्ती' असेल तर तसंच लिहावं. पण बदल झालाय का हे प्रस्तावनांवरून ताडून पाहावं, निदान तुमचा मुद्दा सालावर टेकलेला असेल तेव्हा तरी.

एकच कोश दोन ठिकाणाहून निघतो तेव्हाही हीच काळजी. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश मुंबईत पॉप्युलर प्रकाशनाने १९९९मध्ये काढला, आणि परदेशी वाचकांसाठी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची प्रतही आली. तुमच्या टेबलावर जी आहे ती लिहा. मित्राच्या प्रबंधातून संदर्भ उचलून चिकटवलात तर प्रकाशक त्याचा आणि पृष्ठांक तुमचा, असं कडबोळं होतं.

जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर? शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८५४ म्हणजे १९३२–३३. महिना दिला नसेल तर असं जोडसालच लिहा आणि सोबत मूळ शकही राहू द्या.

आता प्रत्यक्ष लिहू

'बलुतें' हा शब्द घेऊ. तळटीप अशी होईल:

मोल्सवर्थ, दुसरी आवृत्ती (१८५७, पुनर्मुद्रण १९७५), 'बलुतें' या शब्दाखाली, पृ. —.

पृष्ठांकाची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तो तुमच्या प्रतीवरून भरायचा आहे, माझ्या लेखावरून नाही.

इंग्रजी लेखनात 'या शब्दाखाली' यासाठी 'एस. व्ही.' ही लॅटिन संज्ञेची आद्याक्षरं वापरतात. मराठीत 'शब्दाखाली' किंवा 'नोंद' पुरेसं आहे. कोश वर्णानुक्रमी असेल तर शब्द दिला की पान सापडतंच, म्हणून काही शैलींत पृष्ठांक गाळतात. माझं मत विचाराल तर पृष्ठांक असू द्यावा. मोठ्या नोंदी चार-चार पानं चालतात. शब्दकोशात एकाच शब्दाचे सात-आठ अर्थ असतील तर अर्थाचा क्रमांकही द्या: 'बलुतें', अर्थ १. आणि एकसारखी अक्षरं असलेले दोन वेगळे शब्द असतील ('पाट' म्हणजे बसायचा, 'पाट' म्हणजे कालवा, 'पाट' म्हणजे पुनर्विवाह), तर व्याकरणाची खूण किंवा अर्थ जोडल्याशिवाय वाचक भलत्याच 'पाटा'वर बसेल.

'बलुतें'वरचा अनुस्वार पाहिलात? आज आपण 'बलुते' किंवा 'बलुतं' लिहितो. जुन्या कोशांचं लेखन १९६२ आणि १९७२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं आहे. नोंदीचं शीर्षक कोशात जसं आहे तसंच ठेवायचं. आपल्या वाक्यात आजच्या लेखनाने लिहायचं. मुद्रितशोधकाने तळटिपेतला अनुस्वार 'सुधारला' तर त्याला तो परत घालायला सांगा.

विश्वकोशातल्या नोंदीसाठी सूचीतली ओळ अशी. समजा पहिल्या खंडातली 'अकबर' ही नोंद वापरली:

(नोंदलेखकाचं आडनाव, आद्याक्षरं), 'अकबर', मराठी विश्वकोश, खंड १, प्रमुख संपा. लक्ष्मणशास्त्री जोशी, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, मुंबई, १९७६, पृ. —.

नोंदीचं नाव एकेरी अवतरणात, कोशाचं नाव तिरक्या अक्षरात. देवनागरीचे काही फाँट तिरके केले की वाचवत नाहीत, अशा वेळी ठळक करा. पण जे कराल ते सगळीकडे करा. व्यक्तिनामांच्या नोंदी आडनावाने असतात ('केतकर, श्रीधर व्यंकटेश'), तेही उलटवू नका, कारण वाचक 'श्री'खाली शोधत बसेल.

विश्वकोशात मजकुराच्या मध्ये बाणाची खूण दिसते: या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, ती पाहा असा तिचा अर्थ. काही शीर्षकांखाली तर मजकूरच नसतो, फक्त दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेलं असतं. संदर्भ द्यायचा तो जिथे माहिती मिळाली त्या नोंदीचा.

एकाच कोशातल्या पंधरा नोंदी वापरल्या असतील तर सूचीत पंधरा ओळी लागतात का? सहीच्या नोंदी असतील तर हो, कारण ते पंधरा लेखकांचे पंधरा लेख आहेत. सहीविना असतील, किंवा शब्दकोश असेल, तर सूचीत कोश एकदा आणि तळटिपांत शब्द वेगवेगळे. लागोपाठच्या तळटिपांत मराठीत 'तत्रैव' लिहायची पद्धत आहे. कोशाच्या बाबतीत 'तत्रैव'पुढे शब्द लिहायलाच हवा, नाहीतर 'तिथेच' म्हणजे त्याच नोंदीत की त्याच कोशात हे कळत नाही. आणि मधे एखादी नवी तळटीप घुसली की सगळी 'तत्रैव' चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतात. म्हणून मसुदा पक्का होईपर्यंत 'तत्रैव' वापरूच नका. 'दाते-कर्वे, विभाग ५, अमुक शब्द' असं आखूड रूप ठेवा.

शैलीपुस्तिका काय म्हणतात

विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने शैली ठरवून दिली असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ती पाळा. थोडक्यात फरक असा. एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीत (सातवी आवृत्ती, २०१९) लेखक आणि साल आधी येतं. लेखक नसेल तर नोंदीचं शीर्षक लेखकाच्या जागी सरकतं. एमएलए म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पुस्तिकेच्या नवव्या आवृत्तीत (२०२१) नोंद अवतरणात, मग कोशाचं नाव, आणि साल शेवटाकडे. शिकागो पद्धतीत सर्वपरिचित कोश बहुधा तळटिपेतच देतात, सूचीत घेत नाहीत. इंग्रजी वाचकाला वेब्स्टर सर्वपरिचित असेल. 'महाराष्ट्र शब्दकोश' असेल का? इंग्रजी नियतकालिकासाठी लिहिताना मराठी कोश सूचीत पूर्ण तपशिलाने देणंच शहाणपणाचं.

लेखक-साल पद्धतीत एक खास मराठी पंचाईत होते. (मोल्सवर्थ १९७५) असं कंसात लिहिलं की एकोणिसाव्या शतकातला माणूस आणीबाणीच्या वर्षी कोश लिहीत होता असं वाटतं. (मोल्सवर्थ १८५७/१९७५) अशी तिरकी रेघ मारून दोन्ही सालं द्या. एपीए ते मान्य करते.

पडद्यावरचा कोश

आज बहुतेकजण मोल्सवर्थ पाहतात तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या संकेतस्थळावर. तिथे १८५७ची आवृत्ती आहे. दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउसही आहेत. शोधलेल्या शब्दाबरोबर छापील पृष्ठांक दिसतो, तो घ्या. मग छापील कोशाचा पूर्ण संदर्भ लिहा आणि पुढे 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी, शिकागो विद्यापीठ' आणि दुवा जोडा. पडद्यावर पाहिलं असताना छापील पाहिल्याचा आव आणू नका. टंकनात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असलं तर ती चूक कुठली हे वाचकाला कळायला हवं.

विश्वकोशाच्या खंडांतला मजकूर संकेतस्थळावर आहे, आणि इथे एक सापळा आहे. पानावर दिसणारी तारीख मजकूर चढवल्याची असते, लिहिल्याची नव्हे. १९७६ साली छापलेली नोंद आजकालची म्हणून दाखवली की त्यातली लोकसंख्या, कारखान्यांची संख्या, 'अलीकडे' हा शब्द, सगळंच हास्यास्पद होतं. खंडाचं साल शोधून लिहा. मात्र विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांनी, म्हणजे विषयवार तज्ज्ञगटांनी, नव्याने लिहून घेतलेल्या नोंदी केवळ संकेतस्थळावरच्या आहेत. तिथे लेखकाबरोबर समीक्षकाचंही नाव दिसतं. समीक्षक म्हणजे सहलेखक नव्हे, त्याला लेखकाच्या जागी बसवू नका.

सतत बदलणाऱ्या कोशासाठी नियम सोपा: ज्या दिवशी पाहिलं ती तारीख द्या. एपीएमध्ये अशा नोंदीला 'साल नाही' म्हणून नोंदवून पाहिल्याची तारीख लिहितात. पण नोंद बदलत नसेल, ती पीडीएफ असेल, तर या तारखेची गरज नाही, 'दि. १४ रोजी रात्री पाहिले' असल्या तपशिलाने कोणाचं भलं होत नाही.

विकिपीडियाचा संदर्भ द्यावा का, यावर मार्गदर्शकांशी भांडू नका, हरालच. विकिपीडिया हाच अभ्यासविषय असेल तेव्हा मात्र तो द्यावाच लागतो, आणि मग नुसता पानाचा दुवा कामाचा नाही, कारण उद्या ते पान वेगळं असेल. पानाच्या इतिहासात जा, तुम्ही वाचलेल्या दिवसाची आवृत्ती उघडा आणि त्या आवृत्तीचा कायमचा दुवा द्या. लेखक म्हणून कोणाचंही नाव नको. शीर्षकाने सुरुवात करा.

कोशातलं उसनं अवतरण

दाते-कर्वे उघडून बसणाऱ्यांसाठी हा भाग. त्या कोशात शब्दाच्या अर्थापुढे जुन्या ग्रंथांतली उदाहरणं दिलेली असतात आणि त्यापुढे 'ज्ञा' किंवा तशी एखादी संक्षिप्त खूण व आकडे. 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, पुढे अध्याय आणि ओवी. या खुणांची किल्ली कोशातल्या संक्षेपांच्या यादीत मिळते, ती एकदा नीट वाचून ठेवा.

आता मोह असा होतो की ओवी कोशातून उतरवायची आणि तळटिपेत 'ज्ञानेश्वरी, अध्याय अमुक, ओवी तमुक' लिहून मोकळं व्हायचं. यात दोन धोके. एक, ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या प्रतींत पाठ वेगळे आहेत आणि ओव्यांचे क्रमांकही मागेपुढे होतात. कोशकारांनी कुठली प्रत वापरली आणि तुमच्या सूचीत कुठली आहे, हे जुळेलच असं नाही. दोन, कोशात जागा वाचवायला चरण अर्धा तोडलेला असतो, आणि तोडलेल्या भागातच कधी कधी नकार असतो.

तेव्हा मूळ ग्रंथ उघडा, ओवी तिथे आहे का पाहा, आणि मग मूळ ग्रंथाचा संदर्भ द्या. मूळ हस्तलिखित किंवा दुर्मिळ पुस्तक असेल आणि मिळतच नसेल, तर सरळ लिहा: 'अमुक ग्रंथ, उद्धृत, दाते-कर्वे, विभाग अमुक, अमुक शब्दाखाली'. यात कमीपणा काही नाही. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगण्यात आहे.

एआयला विचारून संदर्भ मिळवणाऱ्यांसाठीही हेच. खंड, पृष्ठ, लेखक सगळं देखणं लिहून येतं. ते पान उघडून पाहिल्याशिवाय एकही ओळ सूचीत नको.

साम्यतपासणी, झोटेरो आणि वर्णानुक्रम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधाचं इतरांच्या लेखनाशी असलेलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. पुढे टप्प्याटप्प्याने कारवाई वाढते. योग्य श्रेय देऊन केलेली अवतरणं आणि सूची या मोजणीतून वगळतात. कोशातली व्याख्या जशीच्या तशी उतरवली असेल तर ती अवतरणचिन्हांत आणि तळटिपेसह हवी, याचं हे व्यावहारिक कारण. दोन शब्द बदलून 'स्वतःच्या भाषेत' केलेली व्याख्या सॉफ्टवेअरला कदाचित चकवेल, परीक्षकाला नाही. कोशातली वाक्यं मुळातच इतकी आवळून लिहिलेली असतात की त्यांचा सारांश करायला जागाच नसते. एक तर अवतरण द्या, नाहीतर पूर्ण समजून घेऊन मुद्दाच वेगळा मांडा.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर कोशासाठी 'पुस्तक' हा प्रकार निवडू नका. ज्ञानकोशातला लेख आणि शब्दकोशातली नोंद असे दोन स्वतंत्र प्रकार त्यात आहेत, त्यांत नोंदीचं आणि कोशाचं शीर्षक वेगवेगळ्या रकान्यांत जातं. शैलीची भाषा इंग्रजी राहिली तर मराठी ओळीच्या मधोमध 'संपादक'ऐवजी इंग्रजी संक्षेप उमटतो. शेवटची सूची हातानेच साफ करावी लागते, हे गृहीत धरून एक दिवस राखून ठेवा.

वर्णानुक्रमावर यंत्र 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे ठेवेल याचा भरवसा नाही. कोशांतही दोन रीती आहेत: 'ज्ञ'चे शब्द कधी 'ज'मध्ये, कधी वर्णमालेच्या शेवटी. सूचीत तुम्ही कुठलीही रीत घ्या, पण 'ज्ञानकोश' एका रीतीने आणि 'क्षीरसागर' दुसऱ्या रीतीने नको.

हे सगळं झाल्यावर एक तपासणी करा. तुमच्या प्रबंधातल्या कोशांच्या तळटिपांपैकी कुठल्याही पाच निवडा, कागदावर उतरवा आणि विषयाशी संबंध नसलेल्या मित्राला तो कागद घेऊन ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात पाठवा. त्याने तुम्हाला फोन न करता पाचही नोंदी शोधल्या, तर सूची बांधायला द्या. फोन आलाच, तर त्याने काय विचारलं ते लिहून घ्या. तेवढंच तळटिपेत राहून गेलेलं असतं.